ठाणे ते भामरागड विमानाने दीड तास म्हणे! अंतर सांगणाऱ्या ॲपचा रिव्ह्यू

पाचपैकी अडीच स्टार. दोन नकाशासाठी, आणि अर्धा बाबांची करमणूक झाली म्हणून.

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. फोनमध्ये शोधलं की असली ढीगभर ॲपं निघतात आणि सगळी एकाच साच्यातली, दोन गावांची नावं टाकायची की मधलं अंतर, विमानाचा वेळ, गाडीचा वेळ, टाईम डिफरन्स, जवळचं एअरपोर्ट असं सगळं एका स्क्रीनवर हजर. एकालाच शिव्या घालायच्या आणि बाकीच्यांना सोडून द्यायचं हे काय बरोबर नाही.

आमच्या घरात हे ॲप आलं बाबांच्या फोनमधून. माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे, बॉन्डच्या पोस्टिंगवर गडचिरोली जिल्ह्यात भामरागडला गेलाय, आणि तेव्हापासून पोखरण रोडवरच्या आमच्या घरात "किती लांब आहे गं ते नक्की" ह्या एकाच विषयावर चर्चासत्र चालू आहे. बाबांना आकडा लागतो. "लांब आहे" हे उत्तर त्यांना चालत नाही. मग कोणीतरी मॉर्निंग वॉकला त्यांना हे ॲप दाखवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे डाउनलोड केलं.

स्क्रीनवर आलं ते असं: ठाणे ते भामरागड ७९९ किलोमीटर. दिशा पूर्व. फ्लाईट टाईम १ तास ३० मिनिटं. टाईम डिफरन्स ० तास.

झालं! दुसऱ्या दिवशी उपवन तलावावरच्या अख्ख्या ग्रुपला कळलं की ह्यांचा मुलगा दीड तासावर असतो. एका काकांचा मुलगा हिंजवडीला आहे, त्याला घरी यायला शुक्रवारी संध्याकाळी चार तास लागतात, ते बिचारे म्हणाले मग तुमचं बरं आहे की. आणि इकडे आई रुसून बसली, दीड तासावर आहे तर गणपतीला यायला ह्याला काय धाड भरली? आता भावाने फोनवर काय काय समजावलं असेल विचार करा, तिकडे रेंज तीन वाक्यांनंतर जाते.

तर हा दीड तास येतो कुठून ते आधी सांगते, कारण त्यात लबाडी काही नाहीये, फक्त गणित अर्धवट आहे. ॲपला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहिती असतात. ठाणे साधारण १९.२ उत्तर आणि ७३ पूर्व, भामरागड १९.४ उत्तर आणि ८०.६ पूर्व. पृथ्वी म्हणजे ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा गोळा असं धरायचं आणि त्या गोळ्यावरून दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट काढायची, त्याला हॅवरसाईन म्हणून फॉर्म्युला आहे, शाळेतलं त्रिकोणमितीच आहे ते, फार काही नाही. उत्तर येतं आठशेच्या आतबाहेर. मग ह्या ॲपने काय केलंय, त्या अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागलंय आणि टेकऑफ-लँडिंगचे म्हणून सरसकट ३० मिनिटं वर चढवलेत. आठशे भागिले आठशे एक तास, अधिक अर्धा तास. संपला विषय.

हे मी नुसतं अंदाजाने बोलत नाहीये, तपासायला ठाणे ते बेलापूर टाकून बघितलं. सरळ रेषेत २३ किलोमीटर, फ्लाईट टाईम ३२ मिनिटं! म्हणजे दोन मिनिटं उडायचं आणि तीस मिनिटं चढ-उतार. ऑफिसला ऐरोलीत उतरताना मी रोज ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये लटकते, मला विचाराल तर हे विमान सुरू झालं तर मी पास काढेन.

गंमत म्हणजे ह्या प्रवासाच्या कुठल्याच टोकाला विमानतळ नाही. भामरागडला नाही हे सगळेच सांगतील, पण अहो ठाण्याला तरी कुठे आहे? ॲपने ठाण्याची पिन टाकलीये स्टेशनजवळ, म्हणजे विमान उडणार तलावपाळीवरून, चाटवाल्यांच्या डोक्यावरून, आणि थेट भामरागडला पर्लकोटा नदीच्या काठी उतरणार. एवढी साधी गोष्ट ॲपला विचारता आली असती की बाबा रे, तू ज्याचा वेळ सांगतोयस ती फ्लाईट आहे का मुळात? एक ओळ लिहायची, "ह्या दोन ठिकाणांमध्ये विमानसेवा नाही." तेवढ्याने माझ्या आईचा रुसवा वाचला असता.

शहर ते शहर मात्र ॲप चांगलं चालतं, हे कबूल करायला हवं. ठाणे ते नागपूर टाकलं तर पावणेसातशेच्या आसपास किलोमीटर आणि १ तास २० मिनिटं दाखवतं. मुंबई-नागपूर फ्लाईटला वेळापत्रकात साधारण दीड तास लिहिलेला असतो, त्यात धावपट्टीकडे सरकण्यात जाणारा वेळ धरलेला असतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांचा फरक मी सोडून देते. जाताना वारा पाठीशी असला तर थोडं लवकर पोचतं आणि येताना तोच वारा समोरून, हे ॲपला कळत नाही, दोन्ही बाजूंना एकच आकडा. चालतंय, कोणाला नडत नाही ते.

आता नकाशाबद्दल, कारण दोन स्टार उगाच नाही दिले. दोन गावं टाकली की मध्ये एक लाल रेघ ओढली जाते आणि ती मोठी करून बघता येते. ठाणे आणि भामरागड जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत हे आमच्या घरात कोणालाच माहिती नव्हतं. म्हणजे महाराष्ट्र आडवा चिरत जायचं, सरळ पूर्वेला. रेघ मुरबाडवरून निघते, नगरच्या उत्तरेकडून गेवराईवर येते, आणि बरोब्बर अर्ध्यावर कोण, तर परभणी! जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणतात ते काय उगाच नाही. पुढे नांदेड उजव्या हाताला ठेवून रेघ चक्क तेलंगणात शिरते, बोथ, उटनूर, आसिफाबाद असं करत प्राणहिता ओलांडून परत महाराष्ट्रात अहेरी तालुक्यात येते, आलापल्लीवरून भामरागड. बाबांनी संध्याकाळभर चष्मा कपाळावर ठेवून ती रेघ बोटाने वाचली. आमचे बाबा मूळचे सिन्नरकडचे, त्यांना विदर्भ म्हणजे नागपूर आणि पुढे मध्य प्रदेश एवढंच डोक्यात होतं. आपल्याच राज्यात जायला सरळ रेघ दुसऱ्या राज्यातून जाते, ह्यावर ते दोन दिवस बोलत होते.

मग त्यांनी "जवळचं एअरपोर्ट" हे बटण दाबलं आणि घोळ झाला.

ॲप म्हणालं जगदलपूर. छत्तीसगडमध्ये, बस्तरला, सरळ रेषेत दीडशे-एकशे साठ किलोमीटर. नागपूर यादीत खाली, कारण ते अडीचशेच्या जवळ जातं. कागदावर अगदी बरोबर आहे. बाबांचा प्लॅन तयार, आपण हैदराबादवरून जगदलपूरला उतरू आणि तिथून एक टॅक्सी करू, दीडशे किलोमीटर म्हणजे काय, तीन तास. मी भावाला हे फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की रेंज जाण्याआधी हसणंच ऐकू आलं फक्त. नंतर मेसेज आला: "ताई, मध्ये इंद्रावती आहे आणि पलीकडे अबूझमाड आहे, बाबांना सांग टॅक्सीवाला मिळाला तर मलाही नंबर दे."

अबूझमाड ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, नारायणपूर-बिजापूरच्या बाजूचा डोंगर-जंगलाचा प्रचंड पट्टा आहे तो, माओवाद्यांचा गड म्हणून पेपरात ज्याचं नाव यायचं तोच. तिथून नेहमीचा प्रवास म्हणून कोणी भामरागडला जात नाही. ॲपला हे दिसत नाही कारण त्याच्यासाठी नदी, घाट, जंगल, सीमा ह्या सगळ्यांची उंची शून्य आहे. तो सरळ रेषेतला मार्ग खरंच वापरणारे लोक तिकडे आहेत, नाही असं नाही, निवडणुकीला मतदान पथकं हेलिकॉप्टरने नेतात त्या भागात, पोलिसांची हेलिकॉप्टर जातात, अडलेल्या पेशंटला कधीकधी हेलिकॉप्टरने काढतात. आपण त्यातले नाही, आणि नसलेलंच बरं.

आता खरा प्रवास सांगते, कारण हिवाळ्यात आई-बाबांना घेऊन आम्ही जाऊन आलो, आणि हेमलकसा बघायला जायचा विचार ठाण्यातल्या बऱ्याच लोकांच्या मनात असतो. प्रकाश आमटे आणि मंदाताईंचा लोक बिरादरी प्रकल्प तिथेच, १९७३ सालापासून, भामरागडच्या अलीकडे तीनेक किलोमीटरवर. त्यामुळे हा भाग नीट वाचा.

सकाळची फ्लाईट घ्या, दुसरी कुठली नको. सहा-साडेसहाचं विमान म्हणजे ठाण्यातून साडेतीनला निघणं आलं, डोमेस्टिकचा काउंटर तासभर आधी बंद होतो आणि सिक्युरिटीच्या लाईनचं काही खरं नसतं. आम्ही पहाटे निघालो म्हणून रस्ता मोकळा मिळाला, हाच प्रवास सकाळी आठला केला असता तर नुसतं मुंबई एअरपोर्ट गाठायलाच ॲपवाला दीड तास गेला असता. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय, ठाणे-बेलापूर रोडवरून खाली जायचं, ज्यांना ऐरोली, घणसोली, वाशी पडतं त्यांनी आधी तिथली नागपूर फ्लाईट बघावी, कळवा-खारेगाववाल्यांनाही तेच सोयीचं पडेल असं मला वाटतं.

आठ-सव्वाआठला नागपूरच्या बाहेर. तर्री पोहे खा, पण एकच प्लेट, पुढे गाडीत बसायचंय. इथे ॲपचा दीड तास संपतो, आणि इथून भामरागड साडेतीनशे किलोमीटर आहे. म्हणजे प्रवासाचा विमानातला तुकडा हा सगळ्यात छोटा आणि सगळ्यात बिनकामाचा तुकडा आहे. नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी आणि गडचिरोली जिल्हा सुरू. इथपर्यंत रस्ता ठीक, शेतं, भाताची खळी, मधूनमधून जंगलाचे तुकडे. रेल्वेवर विसंबू नका, एवढ्या लांबलचक जिल्ह्यात स्टेशन म्हणावं तर वरच्या टोकाला वडसा, आणि भामरागड खालच्या टोकाला.

गडचिरोली गावात आम्ही जेवलो. बाबांनी तिथे परत ॲप काढलं. "आता किती राहिलं बघ, शंभर-सव्वाशे." सरळ रेषेत असेल हो. आमचा ड्रायव्हर नागपूरचाच, त्याने आरशातून बाबांकडे बघितलं, म्हणाला, "काका, ते बंद करून ठेवा, बॅटरी वाचंल, पुढं कामी पडते." पुढे तेच खरं ठरलं.

चामोर्शी, आष्टी, मग आलापल्ली. आष्टीच्या पुढे रस्त्याचा खरा रंग दिसतो. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक एकामागोमाग एक, त्यांच्या मागे लाल धूळ, काच बंद ठेवली तरी आईच्या पांढऱ्या रुमालावर विटकरी डाग. ओव्हरटेक करायला जागा मिळेपर्यंत ताशी वीसने रांगत राहायचं. ॲपचा "ड्रायव्हिंग टाईम" हा कुठेही ताशी साठने गाडी चालते असं धरतो, घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने असल्या ॲपवर एका मिनिटात केस ठोकली पाहिजे.

आलापल्लीच्या चौकात थांबायचंच. टाकी फुल करा, पैसे काढून ठेवा, फोन करायचे ते करून घ्या. आमचा ड्रायव्हर डिझेल भरून आला, टायर लाथेने तपासले, स्टेपनीत हवा आहे का बघितलं आणि मग घरी फोन लावला, "भामरागडले चाललो, आता सकाळीच फोन करतो." एवढंच. नागपूरच्या माणसालासुद्धा इथून पुढे जाताना घरी सांगावं लागतं, ते बघून आई एकदम गप्प झाली. भावाने आम्हाला दम भरलेला होता की आलापल्लीला चारच्या आत पोचलात तरच पुढे या, नाहीतर तिथेच मुक्काम करा. आम्ही साडेतीनला होतो.

हा शेवटचा तुकडा, आलापल्ली ते भामरागड. सरळ रेषेत ५५, रस्त्याने साठ-पासष्ट. बघा, किलोमीटरमध्ये ॲप फार चुकत नाही इथे. पण वेळ? त्याच्या हिशोबाने विमानाने ३४ मिनिटं, आम्हाला लागले दोन तास, आणि ते कोरड्या रस्त्यावर, दिवसाउजेडी. दोन्ही बाजूंना साग, इतका उंच की गाडीतून शेंडा दिसायला मान खिडकीबाहेर काढावी लागते, ग्लोरी ऑफ आलापल्ली म्हणून राखून ठेवलेलं जुनं जंगल ह्याच रस्त्याला लागतं. मध्ये रेंज गेली ती गेलीच. बाबांच्या फोनवर ॲप गोल गोल फिरत राहिलं, "कनेक्टिंग". नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून नाव-गाव विचारलं, ठाणे म्हटल्यावर तो कॉन्स्टेबल म्हणाला माझी बहीण कळव्याला असते. रस्त्याच्या कडेने माडिया आदिवासी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन ओळीने चाललेल्या, आमची गाडी आली की सगळी ओळ न बोलता एका बाजूला सरकायची. एका वळणावर दगड होता, किलोमीटर लिहिलेला भाग कुणीतरी ठेचून टाकलेला. बाबा म्हणाले, इथे तर आकडाच नाही.

पावसाळ्यात हा हिशोबच वेगळा. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती अशा तीन नद्या भेटतात, बघायला त्रिवेणी संगम फार सुंदर आहे, पण वरून पाऊस लागला की पर्लकोटाचं पाणी चढतं आणि गावाचा संपर्क तुटतो, कित्येक वर्षं हे जुलै-ऑगस्टच्या बातम्यांत येतंच. अशा वेळी ठाणे ते भामरागड किती लांब? ॲप म्हणणार ७९९. पाणी उतरेपर्यंत थांबलेल्या माणसाला विचारा.

आणि ती "टाईम डिफरन्स ० तास" वाली ओळ. सरकारी घड्याळाने शून्य, मान्य. पण रेखांशात साडेसात अंशांहून जास्त फरक आहे आणि सूर्य एका अंशाला चार मिनिटं घेतो, म्हणजे तिकडे सगळं अर्धा तास आधी घडतं. आम्ही पोचलो तेव्हा साडेपाच वाजत होते आणि सूर्य झाडीत गेलेला, डिसेंबरात ठाण्यात त्या वेळेला येऊरच्या डोंगरावर चांगलं ऊन असतं. भाऊ संध्याकाळी फोनवर म्हणायचा "अंधार पडला इकडे" आणि आईला वाटायचं लाईट गेले असणार. हा अर्धा तास प्रवासाच्या प्लॅनमध्ये फार मोठा आहे, कारण शेवटचे साठ किलोमीटर उजेडात काढायचे तर मुंबईच्या सवयीने साडेसहाला अंधार धरून चालत नाही, सहा धरा. सूर्यास्ताची वेळ कुठल्याही ॲपला सहज काढता येते, अक्षांश-रेखांश हातात आहेतच की, पण ती द्यायची सोडून पॉपकॉर्नच्या मशीनची जाहिरात देतात.

एकूण काय, पोखरण रोडवरून साडेतीनला निघालो, संध्याकाळी साडेपाचला भावाच्या क्वार्टरच्या दारात. चौदा तास. त्यातला हवेत दीड.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठी, समृद्धी आता पूर्ण उघडलाय, ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा सुरू झाला, आमणे म्हणजे आपल्या भिवंडीजवळच. तिथून नागपूर ७०१ किलोमीटर, वेगमर्यादा गाड्यांना १२०, आठेक तास धरा. एका दमात भामरागड गाठायचा वेडेपणा करू नका, सगळा मिळून हजाराच्या वर किलोमीटर होतो, आणि समृद्धीवर एकसुरी रस्त्याने डुलकी लागते. नागपूरला मुक्काम करा. मला स्वतःला मात्र सगळ्यात पटलेला मार्ग आमच्या शेजारच्या मावशींनी सांगितलेला, संध्याकाळी ठाण्याहूनच विदर्भ एक्सप्रेस पकडायची, झोपायचं, सकाळी नागपूर, स्टेशनवरून गाडी ठरवून पुढे. एअरपोर्ट नको, पहाटेची धावपळ नको, सामानाचं वजन नको, लोणच्याच्या बरणीवरून कोणी हुज्जत घालत नाही. फक्त गाडी लेट झाली तर आलापल्लीची चारची वेळ हुकते, तेव्हा गडचिरोलीत राहायची तयारी ठेवा. पहाटेच्या विमानाने जो वेळ वाचतो तो तासा-दोन तासांचा, बाकी साडेतीनशे किलोमीटर कोणालाच चुकत नाहीत.

ॲपच्या बाकीच्या कटकटी पटकन. देवनागरीत नाव टाकलं तर सापडत नाही, इंग्रजीत टाकायचं आणि तेही स्पेलिंगच्या तीन-चार तऱ्हा करून बघायच्या, शेवटी "भामरागढ" म्हणून निघालं. पिंपळगाव टाकलं तर आधी दुसऱ्याच जिल्ह्यातलं उघडतं, तालुका विचारतच नाही, आणि महाराष्ट्रात पिंपळगावं किती ते मोजायला बसलं तर रात्र होईल. दर तिसऱ्या क्लिकला जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की बाबांनी नको तिथे बोट लावून दोनदा काहीतरी भलतंच डाउनलोड केलं. पेट्रोल खर्चाचं बटण आहे, त्यात गाडीचं ॲव्हरेज आपणच टाकायचं, पेट्रोलचा भाव आपणच टाकायचा, मग गुणाकार ते करणार. धन्यवाद.

बनवणारे वाचत असतील तर एवढंच करा. गावाचं नाव टाकलं की आधी विमानसेवा असलेलं एअरपोर्ट शोधा, आणि तेही सरळ रेषेत नको, रस्त्याने जिथून पोचता येतं असं. मग घर ते एअरपोर्ट, विमान, एअरपोर्ट ते गाव असे तीन तुकडे वेगवेगळे दाखवा. फार अवघड नाही, रस्त्याचे नकाशे आहेतच सगळे उपलब्ध.

आणि जाणाऱ्यांनी निघायच्या आधी घरच्या वायफायवर गडचिरोली जिल्ह्याचा ऑफलाईन नकाशा उतरवून ठेवा, परतीचं विमान भामरागड सोडाल त्याच दिवशीचं काढू नका, मध्ये नागपूरची एक रात्र ठेवा. आमच्या परतीला आष्टीजवळ एक ट्रक आडवा झालेला होता, तीन तास तिथेच गेले, आणि आईने तेवढ्यात शेजारच्या गाडीतल्या बाईंकडून मोहाच्या फुलांच्या लाडवांची कृती उतरवून घेतली.